मुक्तस्रोत आरंभ-फर्मवेअरसाठी मदरबोर्डची निवड : महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणक सुरू होताच सर्वप्रथम जी आज्ञावली कार्यान्वित होते, तिला फर्मवेअर म्हणतात. ही आज्ञावली बहुतांशी उत्पादकाच्या ताब्यात असते व तिचा उगम म्हणजे सोर्स कोड वापरकर्त्यास पाहता येत नाही. कोअरबूट, लिब्रेबूट व ओपन फर्मवेअर हे तिला मुक्तस्रोत पर्याय आहेत. परंतु ते प्रत्येक मदरबोर्डवर चालत नाहीत. प्रस्तुत लेखात अशा फर्मवेअरशी सुसंगत मदरबोर्ड निवडण्याचे निकष स्पष्ट केले असून, महाराष्ट्रातील खैराट येथील शाळेचे उदाहरण व राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासलीसारख्या दुर्गम ठिकाणच्या गरजा यांच्या आधारे त्या निकषांचे महत्त्व तपासले आहे.

बीजशब्द : फर्मवेअर, बायोस, कोअरबूट, मदरबोर्ड, मुक्तस्रोत, प्रयोगशाळा, खरेदी प्रक्रिया.

१. प्रस्तावना

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. विंडोज ११ साठी यूईएफआय पद्धतीचे फर्मवेअर व टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक संगणक कागदोपत्री एकाएकी जुने ठरले. महाविद्यालयांच्या जडसंग्रह नोंदवहीतून असे संगणक निर्लेखित करण्याचे प्रस्ताव येऊ लागले आणि त्यांच्या जागी नवे घेण्यासाठी दरपत्रके मागविली जाऊ लागली. या प्रक्रियेत प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क व किंमत यांचे तुलनात्मक तक्ते तयार होतात. मदरबोर्डवरील फर्मवेअरचा रकाना मात्र त्यात सहसा नसतो.

लिनक्ससारखी मुक्तस्रोत प्रणाली जुन्या संगणकावर बसविण्यासाठी फर्मवेअर बदलावे लागत नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. कंपनीच्या मूळ फर्मवेअरवरही ती चालते. मग फर्मवेअरचा विचार का करावा? कारण प्रणाली कोणतीही असली तरी तिच्याखालचा थर तोच राहतो. त्या थरातील दोष उत्पादकाने दुरुस्त करणे थांबविले, की वापरकर्त्याच्या हाती उपाय उरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेला ‘लोगोफेल’ हा दोष याचे चांगले उदाहरण होय. संगणक सुरू होताना पडद्यावर दिसणारे बोधचिन्ह वाचणाऱ्या भागातच ही त्रुटी होती आणि एएमआय, इनसाइड व फिनिक्स या तिन्ही प्रमुख फर्मवेअर पुरवठादारांच्या उत्पादनांवर तिचा परिणाम झाला. ज्या मदरबोर्डचे साहाय्य संपले होते, त्यांच्यासाठी उत्पादकाकडून दुरुस्ती मिळण्याची आशा धरता येत नाही.

प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन असे, की फर्मवेअरवरील अधिकार खरेदीच्या क्षणीच ठरतो. प्रणाली नंतर बदलता येते, रॅम नंतर वाढविता येते. परंतु कारखान्यात बंद केलेला मदरबोर्ड नंतर खुला करता येत नाही.

२. फर्मवेअरचे कार्य

वीजप्रवाह सुरू होताच प्रोसेसर एका ठरावीक पत्त्यावरील आज्ञा वाचू लागतो. ही आज्ञा मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये असते. या वेळी रॅम वापरण्यायोग्य नसते. तिची गती, व्होल्टेज व वेळापत्रक अद्याप ठरलेले नसते. त्यामुळे फर्मवेअर काही काळ प्रोसेसरच्या आतील कॅश स्मृतीलाच रॅमप्रमाणे वापरते, त्या आधारे खरी रॅम सिद्ध करते, मग चिपसेट, यूएसबी, डिस्क नियंत्रक इत्यादी घटक ओळखून त्यांना पत्ते देते आणि अखेरीस ऑपरेटिंग सिस्टीमकडे सूत्रे सोपविते.

यांपैकी रॅम सिद्ध करण्याची पायरी सर्वांत अवघड आहे. ती प्रत्येक चिपसेटसाठी वेगळी असते व तिची संपूर्ण माहिती उत्पादक प्रसिद्ध करतातच असे नाही. एकाच कंपनीचे दोन मदरबोर्ड दिसायला सारखे असूनही एकावर मुक्तस्रोत फर्मवेअर चालते व दुसऱ्यावर चालत नाही, याची कारणे चिपसेट, विद्युत्-जोडणी व सहायक नियंत्रक यांतील अशाच फरकांत दडलेली असतात.

३. मुक्तस्रोत फर्मवेअरचा विकास

अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये ‘लिनक्सबायोस’ प्रकल्प सुरू केला. शेकडो संगणकांचा समूह एकत्र चालविताना प्रत्येक संगणकाच्या बायोसमध्ये हाताने बदल करावे लागणे, ही त्यामागील व्यावहारिक अडचण होती. तीसचाळीस संगणकांची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कोणाही प्राध्यापकास ही अडचण परिचित वाटेल. २००८ मध्ये या प्रकल्पाचे नाव ‘कोअरबूट’ असे झाले. कोअरबूट केवळ यंत्रसामग्री सिद्ध करते आणि पुढील काम ‘पेलोड’ नावाच्या स्वतंत्र आज्ञावलीकडे देते. सीबायोस, ग्रब, ईडीके-२ किंवा लिनक्सचे कर्नल यांपैकी गरजेप्रमाणे पेलोड निवडता येतो.

‘लिब्रेबूट’ हे कोअरबूटवर आधारित वितरण २०१३ मध्ये अस्तित्वात आले. निवडक संगणकांसाठी तयार फाइल देणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. ‘ओपन फर्मवेअर’ची परंपरा याहून जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ओपनबूटमधून ती विकसित झाली व १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकाने तिचे प्रमाणीकरण झाले. फोर्थ या भाषेवर ती आधारलेली आहे.

४. महाराष्ट्रातील उदाहरण : खैराट

मुक्तस्रोत फर्मवेअर हा केवळ परदेशी प्रयोगशाळांचा विषय नाही. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या गावच्या प्राथमिक शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती देण्यात आले. तत्पूर्वी २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा उपक्रम स्वीकारण्यास नकार दिला होता. त्या पार्श्वभूमीवर खैराटचा प्रयोग लक्षवेधी ठरतो.

एक्सओ-१ या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम व १ गिगाबाइट साठवण होती. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत लिनक्सबायोस वापरले गेले व पुढे त्याची जागा ओपन फर्मवेअरने घेतली. म्हणजेच सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका शाळेतील मुले जे यंत्र वापरत होती, त्याचा अगदी पहिला थरही वाचण्यास खुला होता. त्या काळी शहरांतील महाविद्यालयीन प्रयोगशाळांमधील सर्वसाधारण संगणकांबाबत असे म्हणता येत नव्हते.

या उदाहरणातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, हा खुलेपणा शाळेने नंतर मिळविलेला नव्हता. यंत्राची रचना करतानाच तो ठरलेला होता. दुसरी, खुलेपणा संपूर्ण नव्हता. यंत्रातील एम्बेडेड कंट्रोलरची आज्ञावली व मार्व्हेल कंपनीच्या वायरलेस चिपची आज्ञावली बंदच होती आणि त्यावर मुक्तस्रोत वर्तुळात तेव्हा टीकाही झाली. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. चोरी रोखण्यासाठी या यंत्रांत सुरक्षा-व्यवस्था होती व ती लागू असताना केवळ स्वाक्षरीयुक्त प्रणालीच सुरू होई. हा निर्बंध काढण्यासाठी ‘डेव्हलपर की’ मागवावी लागे. उगम वाचता येणे आणि बदललेली आज्ञावली यंत्रावर चालविता येणे, हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला परवान्यातून मिळतो, दुसरा चावी कोणाकडे आहे यावर अवलंबून असतो. मदरबोर्डची निवड करताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

५. निवडीचे निकष

५.१ नेमके मॉडेल

‘अमुक कंपनीचा बोर्ड चालतो’ या विधानास अर्थ नाही. मॉडेलचे पूर्ण नाव, आवृत्ती-क्रमांक व रॅमचा प्रकार जुळला पाहिजे. एमएसआयच्या प्रो झेड६९०-ए या मालिकेत डीडीआर४ व डीडीआर५, तसेच वायफायसह व वायफायविना असे निरनिराळे उपप्रकार आहेत. प्रत्येकाची फाइल वेगळी तपासावी लागते. बोर्डवर छापलेले नाव डोळ्यांनी वाचणे किंवा लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही आज्ञा चालविणे, हे दोन्ही मार्ग वापरावेत. विक्रेत्याच्या दरपत्रकातील नावावर विसंबू नये.

त्याचबरोबर सुसंगततेच्या यादीतील नोंद आजही जिवंत आहे काय, हेही पाहावे. असूस केजीपीई-डी१६ हा दोन प्रोसेसरांचा सर्व्हर बोर्ड मुक्तस्रोत वर्तुळात अत्यंत नावाजलेला होता. तरीही नव्या अंतर्गत रचनेशी त्याची आज्ञावली जुळवून घेतली न गेल्याने कोअरबूटच्या ४.११ या २०१९ मधील आवृत्तीनंतर तो मुख्य शाखेतून वगळला गेला. यादीत नाव असणे ही हमी नव्हे. ते नाव कोणीतरी सांभाळत असावे लागते.

५.२ कारखान्यातील कुलूप

इंटेलच्या हॅसवेल पिढीपासून, म्हणजे सुमारे २०१३ पासून, ‘बूट गार्ड’ ही व्यवस्था उपलब्ध झाली. उत्पादक आपल्या चावीचा ठसा चिपसेटमधील फ्यूजमध्ये कायमचा नोंदवितो. त्यानंतर त्या चावीने स्वाक्षरी न केलेले फर्मवेअर प्रोसेसर स्वीकारत नाही. एएमडीच्या ‘प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट’चे तत्त्वही असेच आहे. फ्यूज एकदा नोंदले गेले, की ते पूर्ववत होत नाहीत.

या व्यवस्थेचा हेतू सुरक्षा हा आहे व तो गैर नाही. अनधिकृत व्यक्तीने फर्मवेअर बदलू नये, यासाठीच ती आहे. परंतु तिच्या दृष्टीने यंत्राचा मालकही अनधिकृतच ठरतो. शिवाय चावी फुटली तर ती बदलता येत नाही. २०२३ मध्ये एमएसआय कंपनीच्या संगणकांवरील सायबर हल्ल्यानंतर तिच्या काही उत्पादनांच्या बूट गार्ड चाव्या उघड झाल्या, तेव्हा ही मर्यादा जगासमोर आली.

हाती असलेल्या इंटेल संगणकात हे कुलूप आहे काय, हे कोअरबूटसोबत मिळणाऱ्या इंटेलमीटूल या साधनाने तपासता येते. नव्या खरेदीत मात्र हा प्रश्न पुरवठादारास लेखी विचारावा लागतो.

५.३ उरणारे बंद भाग

इंटेलच्या चिपसेटमध्ये ‘मॅनेजमेंट इंजिन’ हा स्वतंत्र लघुसंगणक असतो. २००८ मधील नेहालेम पिढीपासून त्याची आज्ञावली पूर्णपणे काढल्यास संगणक सुमारे ३० मिनिटांनी बंद होतो. एमईक्लीनर या साधनाने तिचा बराचसा भाग कापता येतो. आयव्ही ब्रिज पिढीत उरणारा भाग १०० किलोबाइटच्या आत राहतो. नव्या पिढ्यांत रॅम सिद्ध करण्यासाठी इंटेलची एफएसपी ही बंद आज्ञावली घ्यावीच लागते. एएमडीच्या बाबतीत सिक्युरिटी प्रोसेसर व एजीसा यांची हीच स्थिती आहे. एएमडीने २०२३ मध्ये ओपनसिल हा खुला पर्याय जाहीर केला, ही आशादायक घटना होय.

प्रोसेसरमधील मायक्रोकोड हाही बंद भागच आहे. केजीपीई-डी१६ वर ऑप्टेरॉन ६२०० मालिका मायक्रोकोडच्या अद्ययावत प्रतीविना चालते, परंतु ६३०० मालिकेस ती आवश्यक असते. एकच बोर्ड, दोन प्रोसेसर आणि खुलेपणाची दोन परिमाणे, असे हे उदाहरण आहे.

५.४ फ्लॅश चिप व पुनर्प्राप्तीची सोय

फ्लॅश चिप खोबणीत बसविलेली आहे की बोर्डवर झाळलेली आहे, हे पाहणे आवश्यक आहे. असूसच्या अनेक जुन्या बोर्डांवर आठ पायांची चिप खोबणीत असते व ती हाताने काढता येते. झाळलेल्या चिपसाठी क्लिप व प्रोग्रॅमर वापरावा लागतो. येथे दोन चुका वारंवार घडतात. पहिली आकारमानाची. चिपवरील ६४ हा आकडा मेगाबिटचा असतो. तिची क्षमता ८ मेगाबाइट असते. दुसरी व्होल्टेजची. बाजारात सर्रास मिळणाऱ्या सीएच३४१ए प्रोग्रॅमरच्या काळ्या नमुन्यात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, तर बहुसंख्य चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. काही तर १.८ व्होल्टच्याही असतात.

नवे फर्मवेअर लिहिण्यापूर्वी मूळ चिप फ्लॅशरॉम या साधनाने दोनदा वाचावी, दोन्ही प्रती जुळतात याची खात्री करावी व एक प्रत अन्यत्र जपून ठेवावी. अनेक इंटेल बोर्डांवर नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ताही याच चिपमध्ये असतो. तो गमावला तर प्रयोगशाळेच्या नेटवर्क नोंदी बिघडतात.

५.५ पेलोड व प्रणाली

केवळ लिनक्स चालवायचे असल्यास सीबायोस किंवा ग्रब पुरेसे आहे. यूईएफआयवर आधारित प्रणालीसाठी ईडीके-२ लागेल. अभ्यासक्रमात विंडोज ११ अनिवार्य असेल, तर जुना बोर्ड मुक्तस्रोत फर्मवेअरने त्यास अधिकृतरीत्या पात्र ठरत नाही, कारण प्रोसेसरची अटही असते. हे आधीच जाणून घेतले पाहिजे.

६. उपलब्ध पर्याय

वरील निकषांच्या आधारे उपलब्ध बोर्डांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग जवळजवळ संपूर्ण खुल्या बोर्डांचा. गिगाबाइट जीए-जी४१एम-ईएस२एल हा कोअर २ काळातील बोर्ड या वर्गात येतो. त्यास मॅनेजमेंट इंजिनच्या आज्ञावलीची गरज नाही. मात्र त्यात डीडीआर२ रॅम लागते व आजच्या संकेतस्थळांसाठी तो संथ आहे. केजीपीई-डी१६ अधिक समर्थ असला तरी तो जुन्या बाजारातच मिळतो व वीज बरीच घेतो. पॉवर९ प्रोसेसरवरील रॅप्टर कंपनीचा टॅलोस-२ खुलेपणात अग्रेसर आहे, पण त्याची किंमत सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची आहे.

दुसरा वर्ग मध्यम खुलेपणाचा, सुमारे २०११ ते २०१३ मधील इंटेल यंत्रांचा. या वर्गातील सँडी ब्रिज व आयव्ही ब्रिज पिढ्यांसाठी कोअरबूटमध्ये रॅम सिद्ध करण्याची खुली आज्ञावली आहे, बूट गार्ड अस्तित्वातच नाही आणि मॅनेजमेंट इंजिन बरेचसे कापता येते. डेल ऑप्टिप्लेक्स ९०१० किंवा एचपी ८२०० एलिट यांचे लहान आकाराचे नमुने या वर्गातील होत. कार्यालयांतून निवृत्त झालेली अशी यंत्रे जुन्या संगणकांच्या बाजारात मिळतात, कित्येकदा ती महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीतही असतात. अध्यापनासाठी हा वर्ग सर्वाधिक उपयुक्त म्हणता येईल.

तिसरा वर्ग नव्या बोर्डांचा. वर उल्लेखिलेल्या एमएसआय प्रो झेड६९०-ए वर पोलंडमधील थ्रीएमडेब कंपनीने २०२२ मध्ये कोअरबूटवर आधारित ‘दाशारो’ उपलब्ध केले. येथे एफएसपी व मॅनेजमेंट इंजिन हे बंद भाग राहतात, परंतु वरचा सर्व थर खुला होतो व यंत्र आधुनिक असते. नव्या क्रोमबुकमध्ये कोअरबूट मुळातच असते. तेथे लेखन-संरक्षण काढण्याची पद्धत प्रत्येक मॉडेलनुसार पाहावी लागते.

७. पासलीसारख्या ठिकाणचा विचार

निकषांचा क्रम सर्वत्र सारखा असू शकत नाही. वेल्ह्याहून केळद व मढे घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर पासली हे गाव आहे. हा सर्व परिसर अतिपावसाचा व डोंगराळ आहे. येथील एखाद्या शाळेस महाविद्यालयाच्या विस्तार उपक्रमातून संगणक द्यायचे झाल्यास कोणता मदरबोर्ड योग्य ठरेल?

पुण्यातील प्रयोगशाळेत ‘उरणारे बंद भाग किती’ हा प्रश्न अग्रस्थानी असू शकतो. पासलीत मात्र ‘बिघडल्यास कोण व कसे दुरुस्त करणार’ हा प्रश्न प्रथम येतो. फ्लॅश चिपवर लेखन सुरू असताना वीज गेली, तर संगणक निर्जीव होतो. झाळलेली चिप असेल तर संपूर्ण यंत्र वेल्हे, नसरापूरमार्गे पुण्यास आणावे लागेल. चिप खोबणीत असेल तर पूर्वतयारी केलेली दुसरी चिप लिफाफ्यातून पाठविता येते आणि ती बसविणे थोड्या मार्गदर्शनाने शिक्षकासही जमते. म्हणून अशा ठिकाणी निकष ५.४ सर्वांत वर ठेवावा, फर्मवेअरचे लेखन महाविद्यालयातच यूपीएसवर पूर्ण करावे आणि सर्व यंत्रे एकाच मॉडेलची घ्यावीत. एकसारख्या दहा यंत्रांसाठी एक सुटी चिप पुरते. दहा निरनिराळ्या यंत्रांसाठी दहा चिपा व दहा प्रकारचे ज्ञान लागते.

वीजवापराचाही विचार करावा. कमी वीज घेणारे यंत्र लहान इन्व्हर्टरवर अधिक काळ चालते. त्यामुळे सर्वाधिक खुला असलेला सर्व्हर बोर्ड पासलीसाठी सर्वांत गैरसोयीचा ठरेल. खुलेपणाची मात्रा व उपयुक्तता यांत नेहमीच एकवाक्यता नसते, हे यातून दिसते.

८. मर्यादा

मुक्तस्रोत फर्मवेअर बसविल्यास उत्पादकाची हमी धोक्यात येऊ शकते. निद्रावस्थेतून परत येणे, पंख्याची गती नियंत्रित करणे अशा बाबी काही बोर्डांवर अपुऱ्या राहतात. बदललेल्या कर्मचाऱ्याकडे माहिती हस्तांतरित झाली नाही, तर पुढील वर्षी त्या यंत्रास हात लावण्यास कोणी धजत नाही. खुले फर्मवेअर म्हणजे आपोआप सुरक्षित फर्मवेअर असेही नव्हे; त्यातही दोष निघतात. फरक इतकाच, की ते शोधण्याचा व दुरुस्त करण्याचा मार्ग उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

९. निष्कर्ष व सूचना

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजासाठी मुक्तस्रोत आज्ञावलीचे धोरण जाहीर केले. ऑपरेटिंग सिस्टीमच्या खालच्या थरापर्यंत हा विचार नेणे आता आवश्यक झाले आहे. वरील विवेचनावरून पुढील सूचना करता येतात.

१) संगणक खरेदीच्या निविदेत पुढील तीन प्रश्न समाविष्ट करावेत : मदरबोर्डचे पूर्ण मॉडेल व आवृत्ती कोणती? बूट गार्ड किंवा प्लॅटफॉर्म सिक्युअर बूटचे फ्यूज नोंदविले आहेत काय? फर्मवेअरची सुरक्षा-दुरुस्ती किती वर्षे मिळेल? यांची लेखी उत्तरे तुलनात्मक तक्त्यात घ्यावीत.

२) निर्लेखनापूर्वी जुन्या संगणकांची मॉडेलनिहाय छाननी करावी. दुसऱ्या वर्गातील यंत्रे आढळल्यास त्यांपैकी काही संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांच्या प्रात्यक्षिकांसाठी राखून ठेवावीत.

३) पहिला प्रयोग नेहमीच्या वापराबाहेरील एकाच यंत्रावर करावा. मूळ चिपची प्रत, वापरलेली आवृत्ती व केलेल्या पायऱ्या यांची नोंद विभागाच्या दप्तरी ठेवावी.

४) ग्रामीण शाळांना यंत्रे देताना पुनर्प्राप्तीची सोय व एकसारखेपणा यांना प्राधान्य द्यावे.

खैराटच्या मुलांच्या हाती खुले यंत्र आले, ते रचनाकारांनी आधीच तसे ठरविल्यामुळे. महाविद्यालयांना मदरबोर्डची रचना करता येत नाही, परंतु कोणता घ्यावयाचा हे ठरविता येते. खरेदी समितीच्या बैठकीत या एका रकान्यास जागा मिळाली, तर विद्यार्थ्यास यंत्र केवळ वापरता येईल असे नाही, तर त्याच्या पहिल्या आज्ञेपासून ते वाचताही येईल.